पीएचडीच्या कोर्सवर्कमध्ये नक्की काय शिकायचं?

'पेट'चा निकाल लागला की ओळखीतल्या मुलामुलींचे फोन सुरू होतात. "ताई, कोर्सवर्कला रोज हजर राहावं लागतं का?" हा पहिला प्रश्न. "पेपर कसा असतो, जुने प्रश्न मिळतील का?" हा दुसरा. तिसरा प्रश्न बहुतेक वेळा नसतोच. माझ्या वेळी मीही एवढंच विचारलं होतं, त्यामुळे कुणाला नावं ठेवायचा मला अधिकार नाही. एमएस्सीची दोन वर्षं सेमिस्टर, इंटर्नल आणि प्रॅक्टिकलमध्ये घालवल्यावर पुन्हा वर्गात बसायचं म्हणजे शिक्षाच वाटते. हे एकदाचं उरकलं की खरं संशोधन सुरू करू, असं आपण मनाशी ठरवून टाकतो.

माझं काम उजनी धरणाच्या पाण्यावर आहे. कोर्सवर्क उरकण्याच्या नादात माझे पाच महिन्यांचे नमुने वाया गेले. ते कसे, ते पुढे सांगते. संशोधनाची तयारी करणाऱ्यांसाठी हा लेख आहे. कोर्सवर्कमधला प्रत्येक विषय प्रत्यक्ष कामात कुठे लागतो हे तुम्हाला आधीच कळलं, तर तुमचे तरी महिने वाचतील.

आधी नियम

सध्या लागू असलेले नियम विद्यापीठ अनुदान आयोगाने नोव्हेंबर २०२२ मध्ये काढले. त्यानुसार कोर्सवर्क किमान १२ क्रेडिटचं असतं. त्यात संशोधन पद्धती आणि 'संशोधन व प्रकाशन नीतिमत्ता' हे दोन विषय हवेतच. उरलेले क्रेडिट तुमच्या विषयाशी संबंधित असतात. एका क्रेडिटला साधारण १५ तास धरले, तर हे १८० तासांच्या आसपास होतं. किमान ५५ टक्के गुण किंवा त्या तोडीची श्रेणी मिळाली नाही, तर पुढे जाता येत नाही आणि प्रबंधही सादर करता येत नाही. सल्लागार समितीने शिफारस केली, तर मान्यताप्राप्त ऑनलाइन कोर्सही या क्रेडिटमध्ये धरता येतात. म्हणून 'स्वयम्'वर नाव नोंदवण्याआधी गाईडना विचारा, नंतर नको.

कोर्सवर्क धरून पीएचडीला किमान तीन आणि कमाल सहा वर्षं. पुनर्नोंदणी केली तर आणखी दोन वर्षं मिळू शकतात. महिलांना आणि ४० टक्क्यांहून जास्त दिव्यांगत्व असणाऱ्यांना त्यावर आणखी दोन वर्षांची सवलत मिळू शकते. कोर्सवर्कचे महिने या मुदतीतच मोजले जातात, हे बरेच जण विसरतात. म्हणजे ते सहा महिने वाया घालवले, तर ते तुमच्याच खात्यातून जातात.

शिवाय दर सेमिस्टरला संशोधन सल्लागार समितीपुढे कामाची प्रगती मांडावी लागते. अध्यापन किंवा लेखनाचं प्रशिक्षणही आता सगळ्या शाखांच्या संशोधकांना घ्यावं लागतं. विद्यापीठ तुम्हाला आठवड्याला चार ते सहा तास ट्यूटोरियल, प्रयोगशाळा किंवा तपासणीचं काम देऊ शकतं.

ही झाली चौकट. आत काय भरायचं ते मात्र बरंचसं आपल्या हातात असतं. मी आता उजनीचंच उदाहरण घेऊन एकेक विषय सांगते. तुमचा विषय वेगळा असेल, तर उजनीच्या जागी तुमचं शेत, तुमची प्रयोगशाळा किंवा तुमचं हस्तलिखित ठेवून वाचा.

संशोधन पद्धती: प्रश्न लहान करायला शिका

कोर्सवर्कच्या पहिल्या आठवड्यात आम्हाला आपापला संशोधनाचा प्रश्न एका ओळीत लिहायला सांगितला होता. मी लिहिलं: "उजनीचं पाणी दूषित झालं आहे का?" काठावरच्या कुठल्याही गावात हाच प्रश्न ऐकायला मिळतो. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी नद्यांमधून भीमेत येतं आणि भीमा ते उजनीत आणून सोडते, हे भिगवण-केत्तूरच्या शाळकरी पोराला पण माहीत आहे. प्रश्न खरा होता, महत्त्वाचाही होता. पण संशोधनाचा प्रश्न म्हणून तो कामाचा नव्हता.

का? एकेक शब्द तपासा. "उजनी" म्हणजे कुठलं? भिगवणजवळचा उथळ फुगवटा, की भीमानगरला भिंतीजवळचं खोल पाणी? "दूषित" कशावरून ठरवायचं? विरघळलेला ऑक्सिजन, फॉस्फेट, जिवाणू, की जड धातू? "झालं आहे" म्हणजे कधीच्या तुलनेत? धरण १९८० मध्ये पूर्ण झालं. तेव्हाच्या पाण्याची आकडेवारी तुमच्या हातात आहे का? आणि पाणी पिण्यासाठी दूषित, की माशांसाठी, की उसासाठी? प्रत्येकाचं उत्तर वेगळं येईल.

या प्रश्नाला कात्री लावत लावत शेवटी जे उरलं ते असं होतं: "धरणाचा साठा कमी होत जातो त्या महिन्यांत, भिगवण ते कुगाव या पट्ट्यातल्या ठरावीक ठिकाणी, पहाटेच्या वेळी पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन किती असतो आणि तो साठ्याबरोबर कसा बदलतो?" दिसायला रुक्ष आहे. पण याचं उत्तर काढता येतं. ते चूक निघालं, तर चूक आहे हे दाखवताही येतं. आणि मासेमारी करणाऱ्या माणसाला त्याचा काहीतरी उपयोग आहे, कारण माशांची मर बहुतेकदा पहाटेच्या कमी ऑक्सिजनमुळे होते.

मोठा प्रश्न टाकून द्यायचा नाही, तो डोक्यात राहू द्यायचा. पण पीएचडीच्या चार-पाच वर्षांत त्याचा एखादाच तुकडा आपल्या वाट्याला येतो. तो तुकडा कुठून कापायचा, हे संशोधन पद्धतीचा पेपर शिकवतो. पुस्तकातल्या व्याख्या पाठ करण्यापेक्षा वर्गात शिकवलेलं प्रत्येक प्रकरण त्याच संध्याकाळी स्वतःच्या प्रश्नाला लावून बघा.

मोजमाप: 'उणे' म्हणजे किती?

उजनीकाठी राहणाऱ्यांना "धरण उणे तीस टक्क्यांवर गेलं" हे वाक्य नवीन नाही. बाहेरच्या माणसाला मात्र ते विचित्र वाटतं. पाणी शून्यापेक्षा कमी कसं असेल?

उजनीत साठ्याचे दोन भाग धरतात. उपयुक्त साठा ५३.५७ टीएमसी आणि त्याखालचा मृत साठा ६३.६६ टीएमसी. मिळून ११७ टीएमसीच्या थोडं वर. टक्केवारी काढतात ती फक्त उपयुक्त साठ्याची. पाणी ४९१.०३ मीटर पातळीवर आलं, की तो साठा शून्य टक्के. त्या दिवशीसुद्धा धरणात ६३.६६ टीएमसी पाणी असतंच. मृत साठ्यातून पाणी काढायला लागलं की उणे आकडे सुरू होतात.

२०२४ च्या उन्हाळ्यात उजनी उणे साठ टक्क्यांच्या जवळ गेली होती. हिशेब करून बघा. ५३.५७ चे साठ टक्के म्हणजे सुमारे ३२ टीएमसी. ते ६३.६६ मधून वजा केले, तर साडेएकतीस टीएमसी उरतात. म्हणजे मृत साठाही जवळजवळ निम्मा संपला होता. उलट पावसाळ्यात "उजनी १११ टक्के" अशी बातमी येते, तेव्हा एकूण पाणी १२३ टीएमसीच्या आसपास असतं.

आता विचार करा. तुम्ही आलेखाच्या आडव्या अक्षावर "साठा, टक्के" असं लिहून उणे साठ ते अधिक १११ असे आकडे मांडले आणि दुसऱ्या एखाद्या धरणाशी तुलना केली, तर काय होईल? त्या धरणाचा मृत साठा अगदी लहान असेल, तर तिथले शून्य टक्के आणि उजनीचे शून्य टक्के यांत काहीच साम्य नाही. एका ठिकाणी धरण कोरडं पडलेलं असेल, दुसऱ्या ठिकाणी निम्म्याहून जास्त भरलेलं. टक्केवारी पाटबंधारे खात्याच्या कामासाठी योग्यच आहे, त्यांना पाळी कधी सोडायची ते ठरवायचं असतं. पण माशाला टक्केवारीशी देणंघेणं नाही. त्याला खोली, तापमान आणि ऑक्सिजन कळतो. म्हणून माझ्या कामात मी टक्के सोडले आणि पातळी मीटरमध्ये घेतली.

कोर्सवर्कमध्ये "चल", "मापनाची श्रेणी", "वैधता" असे शब्द येतात. परीक्षेत पाच गुणांची टीप लिहून आपण ते विसरतो. त्यांचा अर्थ एवढाच, की कुठलाही आकडा वापरण्याआधी विचारायचं: हा कोणी, कशासाठी आणि कुठल्या शून्यापासून मोजला आहे?

नमुने: माझी चूक

आता ती पाच महिन्यांची गोष्ट.

कोर्सवर्क चालू असतानाच मी नमुने गोळा करायला लागले. गाईडना सविस्तर आराखडा दाखवला नव्हता. वर्ग सोमवार ते शुक्रवार, म्हणून रविवार धरला. जेऊरहून पहाटे दुचाकीवर निघायचं, आधी कुगाव, मग केत्तूर, मग डिकसळच्या पुलावरून भिगवण. बाटल्या, रसायनं, थर्मोमीटर सगळं बरोबर. दर महिन्याला न चुकता गेले. वही एकदम नीटनेटकी होती.

आकडे मांडले तेव्हा मला आनंदच झाला. भिगवणच्या बाजूला ऑक्सिजन जास्त आणि कुगावला कमी! शहराकडून येणारं पाणी आधी भिगवणला लागतं, म्हणजे तिथे ऑक्सिजन कमी असायला हवा, असं सगळे समजतात. माझ्या हाती उलटं काहीतरी लागलं होतं. मी पहिल्या सादरीकरणात ते थाटात मांडलं.

समितीतल्या एका मॅडमनी एकच विचारलं, "भिगवणचा नमुना किती वाजता घेतेस?"

दुपारी दीड-दोनला. कुगावचा सकाळी सातला. प्रत्येक महिन्यात हाच क्रम, कारण रस्ता तसा होता.

पाण्यात शेवाळ असलं, की दिवसा ते प्रकाशसंश्लेषण करतं आणि ऑक्सिजन सोडतं. दुपारी ऑक्सिजन सर्वांत वर जातो. रात्री शेवाळासकट सगळेच श्वसन करतात आणि पहाटे तो सर्वांत खाली येतो. पाणी जितकं जास्त पोषकद्रव्यांनी भरलेलं आणि हिरवं, तितका हा चढउतार मोठा. साध्या गोड्या पाण्यात २५ अंश सेल्सिअसला लिटरमागे ८.३ मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन मावतो. हिरव्यागार पाण्यात दुपारी आकडा त्याच्याही वर जाऊ शकतो, आणि त्याच जागी पहाटे मासे तडफडत असू शकतात. म्हणजे माझ्या आकड्यांमधला फरक गावांमुळे होता की घड्याळामुळे, हे कुठल्याच गणिताने वेगळं करता येणार नव्हतं. पाच महिन्यांचे नमुने बाजूला ठेवावे लागले.

वाईट याचं वाटलं, की त्याच्या आदल्याच महिन्यात आम्हाला वर्गात हे शिकवलं होतं. "गोंधळ घालणारे चल" असं प्रकरण होतं, उदाहरण औषधाच्या चाचणीचं होतं. मी टीप नीट लिहून घेतली होती. ते माझ्या दुचाकीच्या रस्त्याला लागू आहे, हे डोक्यात आलं नाही.

दुसरी चूक त्याच सादरीकरणात निघाली. प्रत्येक घाटावर मी एकाच जागी एकापाठोपाठ तीन बाटल्या भरत होते आणि "नमुने तीन" असं लिहीत होते. त्या तीन बाटल्यांवरून माझा हात किती स्थिर आहे एवढंच कळतं. केत्तूरच्या बाजूचं पाणी कसं आहे हे कळायला केत्तूरच्या काठावर वेगवेगळ्या जागा हव्यात. या चुकीला 'स्यूडोरेप्लिकेशन' म्हणतात. स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी १९८४ मध्ये यावर एक लेख लिहिला आणि त्या काळचे किती छापील प्रयोग या चुकीत अडकलेत ते दाखवलं. पर्यावरणशास्त्रात काम करणार असाल, तर तो कोर्सवर्कच्या काळातच वाचून काढा.

संख्याशास्त्र: सॉफ्टवेअरच्या आधी

बहुतेक जण संख्याशास्त्राला घाबरतात आणि "शेवटी कुणाकडून तरी करून घेऊ" असं ठरवतात. माझं उदाहरण पाहिलंत ना? संख्याशास्त्र जाणणारा माणूस शेवटी फक्त एवढंच सांगू शकतो, की तुमचं काम कशामुळे फसलं. त्याच्याकडे नमुने घेण्याआधी जायचं असतं.

एक युक्ती सांगते. नमुने घेण्याआधी खोटे, काल्पनिक आकडे भरून एक तक्ता तयार करा. स्तंभांना नावं द्या: तारीख, वेळ, गाव, जागा, खोली, तापमान, ऑक्सिजन, पाण्याची पातळी. मग त्यावर जी चाचणी करायची आहे ती 'आर'सारख्या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये करून बघा. हा तक्ता बनवताना मी "वेळ" हा स्तंभ पहिल्याच दिवशी लिहिला असता, तर सात आणि दोन हे आकडे समोर दिसले असते. काम झाल्यावर ती काल्पनिक फाइल मात्र पुसून टाका, खऱ्या आकड्यांच्या शेजारी ठेवू नका.

विषयाचा पेपर आणि वाचन

विषयाशी संबंधित पेपरमध्ये मी जुन्याच पद्धती पुन्हा शिकले आणि त्याचा खूप फायदा झाला. ऑक्सिजन मोजण्याची विंक्लर पद्धत बीएस्सीपासून येते असं वाटायचं. बाटलीत बुडबुडा राहू द्यायचा नाही, मँगनीज सल्फेट आणि अल्कली-आयोडाइड जागेवरच घालायचं, तपकिरी साका खाली बसू द्यायचा, मग आम्ल घालून थायोसल्फेटने टायट्रेशन. पण "जागेवरच" का? रसायनं न घालता बाटली तशीच प्रयोगशाळेत आणली, तर वाटेत बाटलीतले जीव ऑक्सिजन वापरत राहतात. मग जे मोजलं जातं ते प्रवासानंतरचं पाणी असतं. प्रत्येक पायरीचं कारण लिहून काढा. तोंडी परीक्षेत आणि घाटावर, दोन्हीकडे तेच कामी येतं.

वाचनाबाबत एक. उजनीचं पाणी एक आहे, पण काठ वाटलेले आहेत. करमाळा आणि माढा सोलापूर जिल्ह्यात, तर इंदापूर पुणे जिल्ह्यात. त्यामुळे एका बाजूचं काम सोलापूरच्या पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर विद्यापीठात झालेलं असू शकतं आणि समोरच्या काठाचं पुण्याच्या विद्यापीठात. 'शोधगंगा'वर देशभरातल्या विद्यापीठांचे प्रबंध फुकट वाचायला मिळतात. धरणाच्या नावाने शोधा, मग नदीच्या, तालुक्याच्या आणि गावाच्या नावाने शोधा. स्पेलिंग बदलून शोधा. प्रत्येक प्रबंधाचं पद्धतीचं प्रकरण आधी वाचा आणि वहीत तीनच गोष्टी लिहा: कुठे, केव्हा, कसं मोजलं. निष्कर्ष त्यानंतर.

नीतिमत्ता: चोरी पकडण्यापुरती नव्हे

'संशोधन व प्रकाशन नीतिमत्ता' हा दोन क्रेडिटचा, ३० तासांचा कोर्स. सहा घटक असतात: तत्त्वज्ञान व नीतिमत्ता, वैज्ञानिक आचरण, प्रकाशन नीतिमत्ता, मुक्त प्रकाशन, प्रकाशनातले गैरप्रकार आणि संशोधनाचे डेटाबेस. बरेच जण यातून "साम्य किती टक्के चालतं?" एवढंच घेऊन बाहेर पडतात. २०१८ च्या नियमांनुसार १० टक्क्यांपर्यंतच्या किरकोळ साम्याला शिक्षा नाही. १० ते ४० टक्के साम्य असेल तर प्रबंध सुधारून द्यावा लागतो, ४० ते ६० असेल तर वर्षभर सादर करता येत नाही आणि ६० च्या वर गेलं तर नोंदणीच रद्द होते. हे माहीत हवंच. पण दुसऱ्याची कल्पना आपल्या शब्दांत लिहून त्याचं नाव गाळलं, तर सॉफ्टवेअर शून्य टक्के दाखवील आणि ती चोरीच असेल.

नियतकालिक निवडण्याचा भागही लक्ष देऊन करा. २०१६ च्या नियमांत प्रबंधाआधी एक शोधनिबंध आणि दोन सादरीकरणं सक्तीची होती. २०२२ च्या नियमांत ती सक्ती नाही, पण विद्यापीठ स्वतःची अट ठेवू शकतं, तेव्हा आपल्या विद्यापीठाचं परिपत्रक वाचा. आयोगाची 'केअर' यादी २०२५ च्या सुरुवातीला बंद झाली. त्यामुळे पैसे घेऊन चार दिवसांत काहीही छापणारी नियतकालिकं ओळखण्याची जबाबदारी आता आपल्यावर आणि आपल्या संस्थेवर आहे.

मला या कोर्सचा खरा उपयोग झाला तो माणसांशी बोलताना. माझा विषय पाण्याचा, तरी मासेमारी करणाऱ्यांशी बोलावंच लागतं. चिलापी कधी जास्त लागते, कटला-रोहू कुठे कमी झाले, मर कधी झाली, हे त्यांना माहीत असतं. आता उजनीत 'वडाप'ने, म्हणजे बारीक आसाच्या मोठ्या जाळ्याने, मत्स्यबीजासकट सगळं ओढून काढतात. ते बेकायदेशीर आहे आणि त्यावर कारवाई होते. समजा, कुणी विश्वासाने सांगितलं की तोही कधीतरी वडाप वापरतो. तुम्ही त्याचं नाव लिहिलं नाही, पण "अमुक गावात घाटाजवळ राहणारे, दोन होड्या असलेले मच्छीमार" असं लिहिलं. अख्ख्या गावाला कळलं की हा कोण. तुमचा प्रबंध पूर्ण होईल आणि त्याचं जाळं जाईल.

म्हणून प्रश्नावली घेऊन गावात जाण्याआधी संस्थेच्या नैतिक समितीची मान्यता घ्या, विषय विज्ञानाचा असला तरी. संमतिपत्र मराठीत आणि एका पानाचं असू द्या. वाचता न येणाऱ्याला मोठ्याने वाचून दाखवा. "नाही" म्हणण्याचा त्याला हक्क आहे हे आधी सांगा. नावांऐवजी क्रमांक वापरा आणि नावांची यादी वेगळ्या जागी ठेवा.

आणि परत जा. या काठावरच्या कितीतरी घरांची जुनी गावं पाण्याखाली गेली. पाणी उतरलं की पळसदेवचं जुनं देऊळ वर दिसतं, तेव्हा कॅमेरे घेऊन सगळे येतात. माहिती विचारून गेलेली माणसं पुन्हा दिसत नाहीत, हे मला केत्तूरच्या बाजूला एका आजोबांनी ऐकवलं. "तू तरी येऊन सांग काय सापडलं ते," म्हणाले. आता प्रत्येक हंगाम संपला की मी एक पान मराठीत लिहून घाटावर वाचून दाखवते. त्याला क्रेडिट मिळत नाहीत.

शिकवण्याचे चार तास

अध्यापनाचं काम म्हणजे फुकटची राबणूक, असं मलाही वाटायचं. बीएस्सीच्या मुलांना विंक्लर पद्धत शिकवताना एका मुलीने विचारलं, "मॅडम, स्टार्च शेवटी का घालायचा, आधी का नाही?" मला "तसंच करतात" याच्यापुढे उत्तर देता आलं नाही. घरी येऊन वाचलं: आयोडिन भरपूर असताना स्टार्च घातला, तर तो त्याला घट्ट धरून बसतो आणि शेवटचा बिंदू नीट मिळत नाही. ते मी सहा वर्षं न विचारता करत होते. आपल्याला काय येत नाही हे शोधायला शिकवण्यासारखा दुसरा स्वस्त उपाय नाही.

कोर्सवर्कमध्ये नसलेलं

दोन गोष्टी अभ्यासक्रमात सहसा नसतात, त्या मागून घ्या.

पहिली, क्षेत्रकामाची सुरक्षा. २१ मे २०२४ रोजी कुगावहून कळाशीकडे निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा माणसं गेली. ती रोजच्या वाटेवरची माणसं होती. आपण तर बाटल्या सांभाळत होडीत वाकून बसणारे. लाइफ जॅकेटशिवाय पाण्यावर जायचं नाही, एकटं जायचं नाही, उन्हाळ्यात दुपारनंतर आभाळ भरलं तर नमुना राहू द्यायचा. विभागाकडे लाइफ जॅकेटची लेखी मागणी करा. एका महिन्याचा आकडा नसला तरी प्रबंध होतो.

दुसरी, हंगामाचं वेळापत्रक. विद्यापीठाची सेमिस्टरं आणि धरणाचं वर्ष जुळत नाही. रोहित पक्षी भिगवण-कुंभारगावच्या उथळ पाण्यात हिवाळ्यात येतात, जलपक्ष्यांची आशियाई गणना जानेवारीत असते, पाणी उन्हाळ्यात तळाला जातं आणि पावसाळ्यात पुन्हा चढतं. एक हंगाम चुकला की सरळ वर्ष जातं. त्यामुळे कोर्सवर्कच्या काळात क्षेत्रात जाऊ नका, असं मी म्हणणार नाही. जरूर जा, पण पहिल्या फेऱ्या सरावाच्या समजा. रस्ता किती वेळ घेतो, कुठल्या घाटाला उतरता येतं, कोण सोबत येईल हे बघा. त्यातले आकडे वापरायचे नाहीत, असं आधीच ठरवून जा.

जाण्याआधी एवढं करा

पहिल्या दिवशी वर्गात जाताना एक कोरी वही न्या. डाव्या पानावर शिकवलेलं लिहा, उजवं पान तुमच्या प्रश्नासाठी रिकामं ठेवा. रोज निदान एक ओळ उजवीकडे आली पाहिजे. सल्लागार समितीपुढे जाताना चांगले निकाल पुढे आणि शंका मागे ठेवू नका. शंकांची यादीच आधी मांडा. समितीचा तो एक प्रश्न मला पाचव्या महिन्यात भेटला. पहिल्याच महिन्यात आराखडा घेऊन गेले असते, तर तेव्हाच भेटला असता.

सध्या मी पहाटे साडेपाचला घाटावर असते. एका पहाटे एकच ठिकाण, आणि कुठलं ठिकाण कुठल्या दिवशी ते चिठ्ठी टाकून ठरवते. त्यामुळे फेऱ्या तिप्पट झाल्या आणि पेट्रोलही तिप्पट लागतं. पण परवा केत्तूरच्या आजोबांनी विचारलं, "काय म्हणतंय पाणी?" तेव्हा जे सांगितलं, ते घड्याळ बघून मोजलेलं होतं.